शेवटच्याचा सराटा

वहिनींच्या स्वयंपाकघरात एक मोठी खुंटी होती आणि त्या खुंटीवर घरातल्या कुठल्याच कढईला न शोभणारा एक सराटा टांगलेला असे. सराटा म्हणजे पुण्याकडे ज्याला उलथनं म्हणतात तेच. पण हा लोखंडी, हातभर लांब, लग्नाच्या पंगतीचे पोहे परतायला लागतो तसा. वर्षभर तो तिथे नुसता लटकायचा. हिवाळ्यातल्या एका रविवारी पहाटे दादा तो सायकलच्या कॅरिअरला सुतळीने बांधून टेकडीवर घेऊन जायचा आणि दुपारपर्यंत तो पुन्हा खुंटीवर आलेला असायचा. बरीच वर्षं हे असंच चाललं, कारण बरीच वर्षं माझा मोठा भाऊ शर्यतीत शेवटचा येत होता.

शर्यत आमच्या वस्तीची. साठच्या दशकाच्या सुरुवातीला व्यायामशाळेतल्या काही मंडळींनी ती सुरू केली. अंतर पाच किलोमीटर. तेही सायकलच्या चाकाच्या फेऱ्या मोजून ठरवलेलं, त्यामुळे थोडं इकडेतिकडे असेल. नागपूरच्या सेमिनरी हिल्सवर झाडीत एक मोकळी जागा होती, तिथून निघायचं. आधी उतार, थेट फुटाळा तलावापर्यंत. मग तलावाच्या पाळीवरून, म्हणजे बांधावरून, सरळ, पुढे एक लहानसं टेकाड, आणि शेवटी दुसऱ्या अंगाने पुन्हा तीच टेकडी चढून जिथून निघालो तिथे. आमचं गाव तसं सपाट. सायकलवर कुठेही जावं, धाप लागत नाही. त्यामुळे उतारावर सगळेच शूर असत आणि शेवटच्या चढावर मात्र भलेभले कमरेवर हात ठेवून झाडांकडे पाहत उभे राहत, जणू झाडं पाहायलाच आलेत.

पहिल्या वर्षी शेवटचा माणूस पोहोचेपर्यंत शर्यतीनंतरचे पोहे संपले होते. तो पलीकडच्या वस्तीतला एक तरुण शिंपी होता. त्या वस्तीतल्या घरांनी काही वर्षांपूर्वीच बौद्ध धम्म स्वीकारला होता आणि आमच्या वस्तीतल्या काही घरांना त्या गोष्टीची अजून सवय झालेली नव्हती. त्याने रिकामी कढई पाहिली. घाम पुसला आणि चालता झाला. व्यायामशाळेच्या म्हाताऱ्या वस्तादांना ते लागलं. दुसऱ्या वर्षी शर्यत सुरू होण्याआधीच त्यांनी सगळ्यांना सांगून टाकलं की शेवटचा माणूस वर आल्याशिवाय कढईचं झाकण उघडायचं नाही, आणि वाढायचं ते त्यानेच. त्याही वर्षी तो शिंपीच शेवटचा आला. वस्तादांनी त्याच्या हातात सराटा दिला. चार-दोन माणसांना अचानक घरची कामं आठवली आणि ती उठून गेली. उरलेले पळसाच्या पानांचे द्रोण हातात धरून जागच्या जागी बसून राहिले. तेव्हा दादाने आपला द्रोण पुढे केला आणि म्हणाला, "घाल ना गा, पाहत काय राहिला?"

या गोष्टीचं कोणी नंतर कौतुक केलं की दादा म्हणायचा, "मले भूक लागली होती, बस." मला वाटतं, ते खरंच असावं. तिसऱ्या वर्षी उठून गेलेलेही पंगतीत होते.

हळूहळू या एका नियमाला आणखी नियम चिकटले. शेवटचा आलेला सगळ्यांना वाढणार, म्हणजे स्वतः सगळ्यांत शेवटी खाणार. त्याला वाढायचं त्याच्या लगेच आधी आलेल्याने. कढई निखाऱ्यावर झाकून ठेवलेली असल्यामुळे तळाला पोह्यांची खरपूस खरवड धरे, ती शेवटच्याची. आणि सराटा वर्षभर त्याच्याच घरी राहणार. पुढल्या हिवाळ्यात तो घेऊन येण्याची जबाबदारी त्याची, म्हणजे शेवटचा आलो म्हणून कोणी तोंड लपवायला नको. या सगळ्यामुळे आमच्या शर्यतीत एक उलटाच प्रकार होई. पहिला कोण आला याकडे दोन-चार जणांचं लक्ष असे. शेवटच्याची मात्र भुकेली माणसं डोळ्यांत प्राण आणून वाट पाहत. तो वळणावर दिसला की असा गलका उठायचा की झाडांवरचे पोपट उडून जायचे.

अपराध एकच मानला जाई: मुद्दाम मागे राहणं. त्यासाठी तो शिंपी, पुढे गुडघा धरू लागल्यावर, सायकल घेऊन शेवटच्या माणसाच्या मागे मागे राहू लागला. पाय ढिले पडलेले त्याला पाठीमागूनही कळत. दादा दर वर्षी शेवटचा येतो म्हटल्यावर लोक त्याला चिडवायचे की सराट्यासाठीच रेंगाळतोस. त्यावर त्याचं उत्तर ठरलेलं होतं. "मी कुठं मागं राहतो बे? मी पुरा जोर लावतो. लोकंच पुढं निघून जातात, त्याले मी काय करू?"

दादा रेल्वेच्या मालधक्क्यावर कारकून होता. अंगाने भारी, आवाजाने मोठा. धावताना तो जमिनीवर इतका जोराने पाय टाकी की पुढच्याला वळून न पाहता कळे, मागे कोण आहे. पण हातात सराटा आला की त्याच्या अंगात वेगळीच चपळाई येई. कोणाला वरचा चण्याचा रस्सा, म्हणजे तर्री, जास्त, कोणाला मिरची नको, कोणाला पित्ताचा त्रास, सगळं त्याच्या ध्यानात. पहिल्या आलेल्याला तो मुद्दाम कमी वाढायचा. "तुले कमी मेहनत पडली ना बाप्पा, लवकरच आला तू." त्याच्या आधी दर वर्षी येणारा माणूस म्हणजे एक थकलेला कंपाउंडर होता, तो शेवटी दादाला खरवड काढून वाढायचा आणि दादा ती दाताखाली कुरकुर वाजवत खायचा.

मी त्या काळात मधल्या घोळक्यात असे. शाळेत मराठी शिकवणारा मास्तर, किडकिडीत, बोलणं कमी. शर्यतीत मला दादानेच ओढलं. पुस्तकातून मान वर काढत नाही म्हणून आईकडे तक्रार करता करता एका वर्षी त्याने माझं नावच देऊन टाकलं. मग मीही दर वर्षी जाऊ लागलो. ना पहिला, ना शेवटचा. माझ्याकडे कोणाचं लक्ष जात नसे आणि ते मला बरं वाटे. दादाच्या हातचे पोहे खाऊन, त्याने कढई घासून होईपर्यंत मी एका झाडाखाली बसून काही वाचत असे. मग दोघं सायकलींवर घरी. तो बोलत असे, मी ऐकत असे.

दादा गेला तो पावसाळ्यात. धंतोलीच्या एका दवाखान्यात आठवडाभर होता. डॉक्टरांनी करायचं ते सगळं केलं. त्या आठवड्यात मी त्याच्या खाटेशी बसून असायचो आणि तो मला म्हणायचा, "मास्तर, काही बोल ना." मी वर्तमानपत्र वाचून दाखवायचो.

तेराव्याला वाढपी बाहेरचे होते. पंगती उठल्या, पंगती बसल्या. मी एका खांबाजवळ उभा होतो आणि माझ्या हाताला काही काम नव्हतं. का कोण जाणे, त्या दिवसातलं मला हेच सगळ्यांत जास्त आठवतं. पुढे शाळा सुरू राहिली. संध्याकाळी मी पूर्वीसारखाच वाचायला बसे. पानं उलटत, पण पुस्तक मिटल्यावर आपण काय वाचलं ते सांगता येत नसे. ती सवय दोन वर्षं राहिली.

त्या दोन्ही हिवाळ्यांत मी शर्यतीला गेलो नाही. शर्यत झाली असं कानावर येई. सराटा वहिनींच्या खुंटीवरच होता. मागायला कोणी आलं नाही.

तिसऱ्या वर्षी दिवाळीनंतर मी पँटची शिवण उसवली म्हणून त्या शिंप्याच्या दुकानात गेलो. त्याने पँट हातात घेतली, उलटी करून पाहिली आणि मशीनवरून मान वर न करता विचारलं, "यंदा येता ना मास्तर?"

"बघू."

"दोन वर्षं झाले तुम्ही बघूनच राहिले." त्याने दोरा दातांनी तोडला. "लोकं एका खानावळीतून सराटा आणून राहिले. काम चालते. पण तो पोह्याचा भुगा करते."

"सराटा वहिनींकडे आहे."

"हे का मले माहीत नाही? पण मागाले कोण जाईन? तुमचा भाऊ असता तर शिव्या देऊन मागून आणला असता." मग थोडा वेळ मशीन चाललं. थांबल्यावर तो म्हणाला, "नेमानं पाहाल तर तो भाऊच्या घरून आला पाहिजे. आणणारा भाऊच्या घरचाच पाहिजे. आणि आणला म्हणजे पळाव लागते. नुसता देऊन जाता येत नाही."

त्या आठवड्यापासून मी सकाळी चालायला लागलो. मग थोडं थोडं धावायला. दम पार गेलेला होता. फुटाळ्याच्या पाळीवर पोहोचेपर्यंत बरगडीत कळ येई आणि मी पाण्याकडे पाहत उभा राहत असे. एका सकाळी तिथे उभं असताना एक गोष्ट मनात आली आणि ती मला एकदम पटली: या दमावर आपण शेवटचेच येणार. म्हणजे वाढायला मिळणार. म्हणजे सराटा पुन्हा त्याच खुंटीवर जाणार. तोवर आपण शर्यतीला का जातो आहोत हे मला नीट सांगता आलं नसतं. त्यानंतर सांगता आलं असतं.

शनिवारी संध्याकाळी मी वहिनींकडे गेलो. सराटा मागायचा कसा, हे वाटेत मनाशी जुळवत होतो. पण त्यांच्यापर्यंत बातमी पोहोचली होती. सराटा खाली काढलेला होता आणि त्या त्याला तेलाचा हात लावत बसल्या होत्या. तो लखलखत होता. गंजाचा एक ठिपका नव्हता. एवढी वर्षं वापर नसलेलं लोखंड असं राहत नाही. कोणीतरी दर आठवड्याला त्याच्याकडे पाहावं लागतं.

"घ्या," त्या म्हणाल्या. "कढईले जोरानं लावू नका, टोक वाकते."

"वहिनी, तुम्हाला चालेल ना?"

"मले काय करायचा येवढा मोठा? एकटीचे मूठभर पोहे परतू का यानं?" मग त्यांनी तो जुन्या लुगड्याच्या फडक्यात गुंडाळला. गाठ मारताना माझ्याकडे पाहून हसल्या. "आन तुम्ही तर शेवटलेच याल भाऊजी. दम तर पाहा तुमचा. दुपारी वापस घेऊन या."

"आणतो," मी म्हणालो.

नागपूरची थंडी पहाटे हाडांत शिरते. टेकडीवर पोहोचलो तेव्हा शेकोटीभोवती माणसं उभी होती, कढईखाली लाकडं पेटलेली होती आणि सागाची वाळकी पानं पायाखाली कर्रकर्र वाजत होती. मी फडकं सोडून सराटा कढईशेजारच्या दगडावर ठेवला. सगळ्यांच्या माना तिकडे वळल्या. मग कोणीतरी म्हणालं, "आला गा आपला सराटा," आणि पुन्हा बोलणी सुरू झाली. माझ्याशी त्याबद्दल कोणी काही बोललं नाही. मी मनातून त्यांचे आभार मानले.

वस्ताद आता राहिले नव्हते. शिंप्याने तोच सराटा उचलून परातीवर मारला आणि आम्ही निघालो.

उतारावर मी सगळ्यांच्या मागे होतो. मागून सायकलच्या साखळीचा आवाज येत होता. कॉलेजची पोरं, पोलीस लाइनीतले दोघे, कंपाउंडरसुद्धा पुढे निघून गेले होते. तलाव दिसू लागला, पाण्यावर धुकं होतं. मी जसा जमेल तसा धावत होतो. जोर लावूनच धावत होतो. त्यात काही लबाडी नव्हती. आणि तरी मी शेवटचा होतो. इतकं सगळं सरळ जमून येईल असं मला वाटलं नव्हतं.

पाळीच्या मध्यावर एक माणूस खाली बसलेला दिसला. माझ्याहून वयाने मोठा, उंच, मिशा पांढऱ्या. निघताना मी त्याला पुढच्या घोळक्यात पाहिलं होतं. पांढरेशुभ्र नवेकोरे कॅनव्हासचे जोडे घातले होते म्हणून लक्षात राहिला होता. आता त्यातला एक जोडा त्याच्या हातात होता आणि टाचेला रक्त होतं.

मी थांबलो. "फार लागलं का?"

"काही नाही जी. जोडा चावला." तो दुसऱ्या जोड्याची नाडी सोडत होता आणि ती सुटत नव्हती. "सुनेनं म्हटलं, मामाजी, नवे घालून जा, नागपूरची शर्यत आहे. कामठीहून सायकलनं आलो तवा काही झालं नाही. पळाले लागलो तर चावाले लागले."

"कामठीहून आलात?"

"हातमागावर बसून बसून जिंदगी चालली. म्हटलं, पाय चालतात का पाहून घेऊ." नाडीची गाठ सुटेना म्हणून त्याने जोडा तसाच खेचून काढला. "तुम्ही चाला जी, माझ्यासाठी नका थांबू."

मागून शिंपी ओरडला, "मास्तर! उभं राहायचं नाही. पाणी आहे माह्याजवळ, मी पाहतो त्याइले."

मी निघालो. सायकल आता त्या कामठीच्या माणसाजवळ थांबलेली होती. मला साखळीचा आवाज येत नव्हता आणि त्याचा अर्थ मला टेकाड ओलांडेपर्यंत कळला नाही. माझ्या मागे कोणीतरी होतं. मी शेवटचा नव्हतो.

टेकाडाच्या उतारावर मी काय विचार करत होतो ते सगळं आता आठवत नाही. वहिनींच्या हातातलं फडकं आठवत होतं एवढं खरं. जखमी टाचेने तो माणूस येणार नाही, शिंप्याच्या सायकलवर बसून परत जाईल, असंही मनात येऊन गेलं. मग शेवटच्या चढाचा पायथा आला आणि मागून पावलांचा आवाज ऐकू आला. जोड्यांचा नव्हे. अनवाणी पायांचा, मऊ, भराभर पडणारा.

तो जोडे दोन्ही हातांत धरून पळत होता. अनवाणी झाल्यावर त्याला पंखच फुटले होते जणू. चढाच्या पहिल्या वळणावर त्याने मला गाठलं.

"मास्तरच ना तुम्ही?" धापा टाकत तो म्हणाला. "एक सांगू का? राग नका मानू. मी तुमच्या पुढं जाणार आहो. पयल्याच खेपेले शेवटचा आलो म्हणून घरी कसं सांगू? सून ताट करून बसली असन."

त्याला आमच्या शर्यतीची रीत ठाऊक नव्हती. त्याला वाटत होतं, शेवटचं येणं म्हणजे हसं होणं.

मागून सायकल येत होती. शिंपी चढावर उतरून ती ढकलत होता. मला फक्त पाय थोडे ढिले सोडायचे होते. ढिले सोडण्याचीसुद्धा गरज नव्हती. बरगडीत कळ होतीच, तिच्यावर हात ठेवून चार पावलं चाललो असतो तर कोणालाच काही वाटलं नसतं. तो माणूस खूश झाला असता. वहिनींना दिलेला शब्द राहिला असता. कोणाचंही काही बिघडलं नसतं, आणि असं कोणाचं काही न बिघडणारं खोटं मी तोवर फार वेळा बोललेलो नव्हतो, पण जमलं असतं.

दादा असता तर काय म्हणाला असता हे मला आठवावं लागलं नाही. त्याचा तो जड पायांचा आवाज मला इतकी वर्षं पुढे धावताना ऐकू येत आलेला होता. पुरा जोर लावून तो शेवटचा यायचा. कळेवर हात ठेवून, चालत वर येऊन मिळवलेला सराटा मला त्या खुंटीवर टांगता आला नसता. टांगला असता तरी पुन्हा तिकडे पाहता आलं नसतं.

"जा की पुढे," मी त्या माणसाला म्हणालो. "पण मी सोडणार नाही."

"बहोत खूब!" तो म्हणाला आणि सुटला.

मग आम्ही दोघं त्या चढावर असे धावलो की जणू पहिल्या नंबरासाठीच. तो पुढे गेला, मी गाठलं. मी पुढे गेलो, त्याने गाठलं. दुसऱ्या वळणावर वरच्या लोकांना आम्ही दिसलो आणि गलका उठला.

"आले गा, आले!"

"मास्तर, पाय उचला! पोटात कावळे कोकलून राहिले!"

"ओ जोडेवाले काका, जोडे पायात घालतेत, हातात नाही!"

"घाई करा बाप्पा, तर्री आटून राहिली!"

शेवटच्या टप्प्यात वाटेवर मुरमाचे खडे होते. जोडे असलेल्याला त्याचं काही नाही; अनवाणी टाचेला ते कळतात. त्याची पावलं एकदम जपून पडू लागली. मी वळून पाहिलं नाही. छाती फुटेल असं वाटेपर्यंत धावलो आणि त्या मोकळ्या जागेत जाऊन एका सागाला धरून उभा राहिलो. तो माझ्या मागून दहा-बारा पावलांवर आला.

त्याला काही समजायच्या आत लोकांनी त्याला गराडा घातला. कोणी पाठीवर थापा मारत होतं, कोणी हातातले जोडे काढून घेतले, कोणी पायावर पाणी ओतलं. तो बावरून इकडेतिकडे पाहत म्हणाला, "अजी, मी पयला नाही आलो, शेवटचा आलो."

"म्हणूनच तर!" पोलीस लाइनीतला एक जण ओरडला. "झाकण उघडा आता. मरून राहिलो भुकेनं."

शिंप्याने त्याला रीत सांगितली आणि सराटा त्याच्या हातात दिला. त्याने तो उलटसुलट करून पाहिला. मग धोतराचा काचा आवरून कढईजवळ बसला. वाढण्याचा त्याला अंदाज नव्हता. पहिल्या दोघा-तिघांना इतके भरभरून पोहे घातले की शिंपी कपाळावर हात मारून म्हणाला, "अरे गा, दोघातिघांतच कढई रिकामी करता का? पंगत मोठी आहे!" सगळे हसले, तोही हसला आणि मग हात आवरता घेत वाढू लागला. माझ्या द्रोणात त्याने पोहे घातले, वर तर्री, वर कांदा. मी पंगतीत बसून खाल्ले. गरम होते. तिखट होते. डोळ्यांतून पाणी आलं तर तिखटाचंच असेल असं कोणालाही वाटलं असतं.

सगळ्यांचं झाल्यावर शिंप्याने माझ्याकडे पाहिलं. क्षणभर मला कळलं नाही. मग कळलं. कामठीच्या माणसाच्या लगेच आधी मीच आलो होतो.

मी उठलो. कामठीच्या माणसाने सराटा माझ्या हातात दिला आणि द्रोण घेऊन पंगतीच्या टोकाला मांडी घालून बसला. कढईच्या तळाला खरवड धरली होती. वहिनींनी सांगितलं होतं तसं टोकावर जोर न देता मी ती कडेकडेने सोडवली. ती मोठ्या तांबूस पापुद्र्यासारखी सुटून आली. इतकी वर्षं दादाच्या आधी दुसराच कोणी येत असे. ही खरवड मी कधी कोणाला वाढली नव्हती. ती मी त्याच्या द्रोणात ठेवली.

त्याने द्रोणात वाकून पाहिलं. "मास्तर, मले काहून जळकं देता जी?"

"खाऊन तर बघा."

त्याने एक तुकडा तोंडात टाकला. कुरकुर आवाज झाला. थोडा वेळ तो चावत राहिला आणि मग म्हणाला, "बरं लागते हो. आणखी आहे का?"

मी आणखी वाढलं. वाढून झाल्यावरही मी तिथेच उभा होतो, सराटा हातात धरून. शिंप्याने "मास्तर, बसा आता," म्हटलं तेव्हा बसलो.

निघताना शिंपी सराटा कामठीच्या माणसाच्या सायकलला बांधायला लागला तेव्हा तो दचकला. तोपर्यंत कंपाउंडरने त्याला दादाबद्दल सांगितलेलं असावं. तो माझ्याजवळ आला आणि हळू आवाजात म्हणाला, "हा तुमच्या घरचा आहे म्हणते. तुम्हीच ठेवा जी. मी कोण, कुठचा. कामठीले नेऊन काय करू?"

बाकीचे आपापल्या सायकलींकडे पाहू लागले. शिंप्याची बोटं सुतळीवर थांबली.

"घरचा नाही," मी म्हणालो. "शेवटच्याचा आहे. पुढल्या वर्षी घेऊन या म्हणजे झालं. आणि जोडे जुने घालून या."

शिंप्याने गाठ मारली, ओढून पाहिली, आणखी एक मारली. कामठीचा माणूस अनवाणी पायांनी सायकलवर बसला. जोडे हँडलला लटकवलेले, सराटा मागे. टेकडीच्या उतारावर तो दिसेनासा होईपर्यंत ते लोखंड उन्हात चमकत होतं.

वहिनींकडे जाताना मी सायकल हळू चालवली. दार उघडंच होतं. माझ्या हातातलं रिकामं फडकं त्यांना दिसलं. त्यांनी ते घेतलं, घडी घातली, आणि बराच वेळ घडीवरून हात फिरवत राहिल्या.

"कोण आला शेवटला?"

"कामठीचा एक माणूस. माग चालवतो. जोडा चावला त्याला."

"तुम्ही थांबले नाही?"

"नाही. पळालो."

त्यांनी खुंटीकडे पाहिलं. मीही पाहिलं. सराट्याच्या मागची भिंत इतकी वर्षं झाकलेली होती. तिथला चुना अजून पांढरा होता.

"खरवड कोणी वाढली त्याले?"

"मी."

उठून त्यांनी चहाचं आधण ठेवलं. साखर टाकताना मला पाठमोऱ्याच म्हणाल्या, "त्याले सांगितलं ना, तेलाचा हात लावत राहाव लागते म्हणून? नाहीतर एका पावसाळ्यात खाऊन टाकीन गंज."

मी ते सांगायचं विसरलो होतो.

"विसरलो," मी म्हणालो. "कामठीला जाऊन सांगून येतो."

"या सांगून," वहिनी म्हणाल्या. "त्याच्या टाचेले लावाले हळदही घेऊन जा." आणि त्यांनी वरच्या फळीवरून हळदीचा डबा काढला.